आधी मिस्त्री, मग गाडी

बाबांनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा ते सगळ्यात आधी साताऱ्याच्या पोवई नाक्यामागच्या एका गॅरेजात जाऊन बसले. गाडी कुठली, केवढ्याची, हे सगळं नंतर. दोन रविवार तिथल्या बाकड्यावर बसून त्यांनी नुसतं पाहिलं. मिस्त्री खोललेले नटबोल्ट ताटलीत मांडून ठेवतो की जमिनीवर टाकतो, कबूल केलेल्या वेळेला गाडी देतो का, पोरावर ओरडतो की त्याला शिकवतो. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "मिस्त्री, मला गाडी घ्यायचीय. तुम्ही सांभाळणार असाल तरच घेतो."

मिस्त्रींनी हात पुसले आणि विचारलं, "रोज किती चालणार, डॉक्टरसाहेब?"

ही 1979 ची गोष्ट. मी तेव्हा आठ वर्षांची होते. गेल्या वर्षी माझ्या लेकीनं गाडी घेतली, तेव्हा तिनंही सुरुवात याच प्रश्नापासून केली, फक्त तो तिनं स्वतःलाच विचारला. म्हणून हे सगळं पुन्हा वर आलं.

बाबा डोळ्यांचे डॉक्टर. घर साताऱ्यात, दवाखाना कराडला. आजीला साताऱ्याचा वाडा सोडवत नव्हता आणि बाबांना कराडचे पेशंट. पहिली काही वर्षं एसटीनं काढली. पण शेवटचा पेशंट तपासून स्टँडवर यावं तर गाडी नुकतीच गेलेली असायची, आणि मग मिळेल त्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून घर गाठायचं. जायचे 50 किलोमीटर, यायचे 50. आठवड्यातले सहा दिवस. आम्हा मुलांना बाबा फक्त झोपेत दिसत, असं आई म्हणायची.

गाडी निवडायची म्हणजे तेव्हा निवडायला होतंच किती? फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर. स्टँडर्ड हेराल्ड एखाद्या हौशी माणसाकडे दिसायची, पण साताऱ्यात तिचा पार्ट कोण देणार? नवी गाडी नोंदवली तर नंबर लागायला वर्षं जात, त्यामुळे आमच्यासारख्यांना वापरलेलीच बघावी लागे. बाबा टॅक्सी स्टँडवर जाऊन चालकांशी बोलले. अ‍ॅम्बेसेडर ऐसपैस, खड्ड्याला दबत नाही, माणसं कितीही कोंबा, पण पेट्रोल जास्त पिते आणि स्टिअरिंग जड. फियाट चपळ, एका माणसाला रोज हाकायला सोपी. बाबा रोज एकटेच जाणार होते. फियाट ठरली.

ती 1975 ची पद्मिनी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून त्याच्या आदल्या वर्षीपासून ती या नावानं बाहेर पडू लागली होती, पण पद्मिनी कुणी म्हणायचं नाही, सगळे फियाटच म्हणायचे. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लावलेला गिअरचा दांडा, पुढे बाकासारखी सलग सीट. पैसे देण्याआधी मिस्त्रींनी ती यवतेश्वरच्या घाटात नेली. मागे तीन माणसं बसवली, पुढे बाबा. चढावर मधेच थांबवून पुन्हा उचलून पाहिली. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, आणि दहा मिनिटं काही न करता तिथे उभे राहिले. थंड होताना कुठून काही टपकतं का, कसला वास येतो का, हे त्यांना बघायचं होतं. मग खाली उतरताना सगळा वेळ ब्रेकवर लक्ष. बाबा ही हकिगत इतक्यांदा सांगायचे की मी त्या दिवशी गाडीत होते असं मला आजही वाटतं. मी शाळेत होते.

रोजची सकाळ मात्र माझ्या डोळ्यांदेखतची. सहा वाजता बाबा अंगणात. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघायचं, ऑइलची काडी काढून जुन्या धोतराच्या फडक्याला पुसायची, पुन्हा बुडवून उजेडात धरायची. मग चोक ओढून चावी. थंडीत इंजिन दोनतीनदा खोकायचं आणि धरायचं. चोक हळूहळू आत ढकलत बाबा मान तिरकी करून ऐकत बसत. आवाज सरळ झाला की आईला हात करून निघत. रेक्झिनचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास त्या गाडीला होता. खिडकीच्या पुढची त्रिकोणी काच फिरवली की वारा नेमका तोंडावर यायचा, त्या जागेसाठी दादाची आणि माझी भांडणं व्हायची.

डिकीत पत्र्याची एक पेटी असायची. फॅन बेल्ट, दोन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रेडिएटरचा पाइप, चिकटपट्टी, पाण्याचा कॅन आणि अंगाच्या साबणाची एक वडी. टाकी झिरपली तर साबण घासून तेवढ्यापुरती भेग बुजवता येते, हे त्या काळच्या कुठल्याही चालकाला माहीत असे. मे महिन्यात भर दुपारी पंप तापून पेट्रोल वर चढेनासं व्हायचं, मग ओलं फडकं पंपावर टाकून झाडाखाली थांबायचं. हे एका गाडीचं दुखणं नव्हतं, तेव्हाच्या गाड्या अशाच चालत. रस्त्यावर निघालेला माणूस थोडा मिस्त्री असावाच लागे.

आणि झाडं होती. पुणे-बंगळूर रस्ता, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग 4, आता ज्याला 48 म्हणतात तो. दोन गाड्या जेमतेम एकमेकींना ओलांडतील एवढा, दोन्ही बाजूंनी वडांच्या रांगा. शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज. ही नावं मला पाढ्यासारखी पाठ आहेत. चौपदरीकरणात ते वड गेले. रस्ता रुंद झाला, अपघातात समोरासमोर धडकणाऱ्या गाड्या कमी झाल्या, हे मला कळतं. वडांचं दुःख मात्र तेवढ्यानं कमी होत नाही.

मिस्त्री दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी बघत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. इंजिनवर एकेक जागा बदलत ते ऐकत जात, डॉक्टरनं छातीवर स्टेथोस्कोप फिरवावा तसं. "तिसऱ्याचा टॅपेट बोलतोय," म्हणायचे. पॉइंटची फट ते पोस्टकार्डाच्या तुकड्यानं मोजायचे. मला एकदा त्यांनी ती मूठ कानाला लावू दिली होती. आत पाऊस पडत असल्यासारखा आवाज येत होता. मला त्यातलं काहीच उलगडलं नाही, पण त्यांना उलगडतं आणि ते आपल्या घरचे आहेत, याचा मला केवढा आधार वाटला होता! आज मागे वळून पाहताना वाटतं, बाबांची गाडी भरवशाची होती म्हणजे काय होतं? तो भरवसा बाबांनी विकत आणलेला नव्हता. दर महिन्याला, दर सकाळी, तो त्या दोघांनी मिळून केलेला होता.

एक संध्याकाळ सांगते. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. शाळेला सुट्टी म्हणून बाबांबरोबर कराडला गेले होते. परतताना काशीळच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढायला लागली. पुढचं चाक बसलं होतं. बैलाच्या नालेचा खिळा. उसाचा हंगाम होता, रस्ताभर बैलगाड्या, त्यामुळे त्या दिवसांत असे खिळे ठरलेलेच. अंधार पडला होता. बाबांनी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दोन दगड लावले आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

मी जॅक पुढे केला तर म्हणाले, "थांब. आधी नट ढिले करायचे. चाक जमिनीवर आहे तोवर. वर उचललं की ते नुसतं फिरत राहतं, नट सुटत नाहीत." पान्यावर पाय देऊन त्यांनी एकेक नट करकरत सैल केला. मग जॅक. मग नट पूर्ण काढून उलट्या केलेल्या चाकाच्या टोपणात. "हे टोपण तुझ्या ताब्यात. एकही नट हरवला तर आपण इथेच." मी ते दोन्ही हातांनी धरून उभी होते, बॅटरी काखेत. शेजारून उसाची एक गाडी गेली, तिच्याखाली कंदील लोंबत होता. गाडीवान थांबला, "काय हातभार लावू का, दादा?" म्हणाला. बाबा म्हणाले, "पोरगी आहे की बरोबर."

नट आवळताना त्यांनी मला एकापुढे एक असे न आवळता समोरासमोरचे आवळायला लावले, म्हणजे चाक सरळ बसतं. शेवटचा फेरा जॅक उतरवल्यावर. साताऱ्याला पोचेपर्यंत माझ्या फ्रॉकला काळं लागलं होतं आणि आईनं रागवायच्या आत बाबांनीच सांगून टाकलं, "आज चाक हिनं बदललंय."

बाबांची एक वहीही होती. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती लिटर, काय काम केलं. तेरा वर्षांत एकही भरणी न लिहिता सोडलेली नाही. लिटरला बाराच्या आसपास किलोमीटर. आकडा अकराच्या खाली गेला की ते रविवारची वाट न बघता गॅरेजात जात. हवा कमी आहे, ब्रेक धरून राहतोय, कार्बोरेटर जास्त पाजतोय, काही ना काही निघायचंच. वही त्यांचा दुसरा मिस्त्री होती.

मारुती 800 आली ती 1983 च्या डिसेंबरात. 50 हजारांच्या आसपास किंमत, तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन. साताऱ्यात पहिली दिसली तेव्हा लोक तिच्याभोवती गोळा झाले होते. बाबांनी मात्र 1992 पर्यंत वाट पाहिली. ती चाकं एवढीशी, पत्रा पातळ, उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावर टिकेल का, ही त्यांची शंका. घेतली तेव्हाही आधी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता तुमचं माझ्याकडे काम पडायचं नाही." बोलण्यात तक्रार नव्हती. आणि तसंच झालं. ती गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची. डिकीतली पेटी दोन वर्षांत माळ्यावर गेली. बाबा पहिल्या रविवारी गॅरेजात जायचे ते नुसते चहाला.

आता लेकीचं सांगते. घर कोथरूडला, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. नोकरी रांजणगाव एमआयडीसीत. एका बाजूनं 60 किलोमीटर. वनाज ते रामवाडी मेट्रो 2024 च्या मार्चपासून पूर्ण धावू लागली, तेव्हा तिनं काही महिने मेट्रो आणि पुढे कंपनीची बस असं करून पाहिलं. पण तिची पाळी बदलती, बस ठरलेल्या वेळेची. घरात तीन वर्षांचं मूल. शेवटी गाडी घ्यायची ठरली, आणि ती फक्त नोकरीची नाही, घरची गाडी. मूल, आम्ही दोघं, सणावाराला सातारा.

बाबांपुढे दोन गाड्या होत्या, हिच्यापुढे चाळीस. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, हायब्रिड, इलेक्ट्रिक. तिनं कागदावर सगळ्यात वर लिहिलं: दिवसाला 120, महिन्याला 3,000, वर्षाला 36,000. मग खाली रस्ता लिहिला. कोथरूड ते खराडी सिग्नल. वाघोली कोंडी. लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, जड वाहनं. शिक्रापूरनंतर मोकळा. मी तो कागद वाचत होते आणि मला शेंद्रे, नागठाणे, अतीत ऐकू येत होतं. गाडी रस्त्यासाठी घ्यायची असते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सीएनजीचा किलोमीटरमागचा खर्च कमी, पण पंपावरची रांग रोज कुणी लावायची, आणि टाकीनं डिकी खाल्ली तर मुलाचं सामान कुठे ठेवायचं? डिझेल तिच्या रस्त्याला वाईट नव्हतं. धुरातली काजळी अडवणारी गाळणी मोकळ्या रस्त्यावर तापून साफ होते आणि शिक्रापूरच्या पुढे तो रस्ता तिला मिळत होता. पण वाघोलीत रोज पाऊण तास क्लच दाबत बसायचं नाही हे तिचं पक्कं होतं, आणि डिझेल ऑटोमॅटिकची किंमत झेपत नव्हती. इलेक्ट्रिकवर तिचं खरं मन होतं. 120 किलोमीटर आजच्या कुठल्याही बऱ्या इलेक्ट्रिक गाडीला सहज जमतात. पण आमची इमारत जुनी, पार्किंग उघड्यावर आणि ठरलेल्या जागेचं नाही, चार्जर लावणार कुठे? रात्री घरी चार्ज होणार नसेल तर रोजच्या लांबच्या प्रवासाला इलेक्ट्रिक घेऊ नये, हे मलाही पटतं. जुन्या सोसायट्यांनी हा प्रश्न आता सोडवायला घ्यायला हवा.

राहिली हायब्रिड. कोंडीत इंजिन आपोआप बंद होऊन गाडी बॅटरीवर सरकते, ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत जाते. म्हणजे जिथे साधी गाडी सर्वांत जास्त पेट्रोल जाळते, नेमकी तिथे ही वाचवते. तिनं शोरूमवाल्यांना सांगितलं, चाचणी सकाळी आठला वाघोलीत द्या, नाहीतर नको. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर तिला गाडी बघायचीच नव्हती. मी मागे बसले होते. गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे जात होती, इंजिनचा आवाज येत नव्हता, आणि मला यवतेश्वरच्या घाटात बॉनेट उघडून उभे असलेले मिस्त्री दिसत होते.

कंपनीनं सांगितलेलं मायलेज तिनं तसंच धरलं नाही. गाड्यांची ही चाचणी करणारी एआरएआय आमच्या वेताळ टेकडीवरच आहे. प्रयोगशाळेत रुळांवर चाकं फिरवून काढलेला आकडा गाड्यांची आपसात तुलना करायला उत्तम, पण त्यात वाघोली नसते. तिनं त्यातून चौथा हिस्सा वजा केला. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. यातलं काही इथेनॉल उसातून येतं. ज्या उसाच्या गाड्यांच्या मागे बाबा तासन्‌तास रखडत चालले, तो ऊस आता नातीच्या टाकीत आहे.

हमीचा कागद तिनं ज्या तऱ्हेनं वाचला, ते पाहून बाबा खूश झाले असते. हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. विक्रेता "आठ वर्षं" म्हणत होता. तिनं तिथेच भागाकार केला. वर्षाला 36,000 म्हणजे साडेचार वर्षांच्या आतच हमी संपणार. रोज लांब जाणाऱ्या माणसानं हमीतली वर्षं वाचूच नयेत, किलोमीटर वाचावेत. मग ती तीन शनिवार सकाळी वेगवेगळ्या सर्व्हिस सेंटरांच्या फाटकापाशी उभी राहिली. गाडी घेऊन बाहेर येणाऱ्यांना एकच प्रश्न: "पार्ट यायला किती दिवस लागले?" आणि कॅब बोलावली की चालकाला विचारायची, "दादा, किती चालली? क्लच, गिअरबॉक्स कधी केलं?" अडीच-तीन लाख किलोमीटर चालवलेली माणसं जे सांगतात ते कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. टॅक्सी स्टँडवर बाबांनी हेच केलं होतं.

एका बाबतीत मात्र मला जुन्याचा जराही लोभ नाही. आमच्या फियाटला सीटबेल्ट नव्हते. मी आणि दादा पुढच्या बाकावर उभं राहून काचेला नाक लावायचो, आणि समोरून विनादिव्यांच्या बैलगाड्या यायच्या. त्याची आठवण झाली की आजही पोटात गोळा येतो. लेकीनं पाच तारे नसलेली गाडी कागदावर घेतलीच नाही. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं आहे. ताशी 64 किलोमीटरच्या वेगानं गाडी अडथळ्यावर आदळवून पाहतात आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. तिनं मुलांचे तारे आधी पाहिले. नातवाची खुर्ची आयसोफिक्सच्या कडीत खटकन बसते आणि तो तिथेच बसतो, कितीही रडला तरी.

गाडी घरी आली त्या रविवारी पेढे वाटून झाल्यावर मी तिला म्हटलं, "डिकी उघड." तळाचा गालिचा उचलला. आजकाल काही गाड्यांत नुसता पंक्चरचा डबा देतात. हिनं स्टेपनी असलेलीच घेतली होती, बारीक चाकाची, 80 च्या वर चालवू नका असं लिहिलेली. शेजारी जॅक आणि पाना, अजून प्लास्टिकमध्ये.

"कॉल केला की माणूस येतो, आई," ती म्हणाली.

"येईल. रात्री साडेदहाला शिक्रापूरच्या पुढे कधी येईल?"

तिनं पायातले सँडल काढून बाजूला ठेवले. मी मागच्या चाकाला वीट लावली. तिनं जॅक उचलला, तसा मी तिचा हात धरला.

"थांब. आधी नट ढिले करायचे. चाक जमिनीवर आहे तोवर."

पहिला नट सुटायला फार वेळ लागला. तिनं हातानं ओढून पाहिला, मग पान्यावर पाय दिला, मग पूर्ण वजन टाकलं. करकर आवाज झाला आणि ती एकदम माझ्याकडे बघून हसली. नट ठेवायला टोपण नव्हतं, म्हणून नातवाला ओंजळ करायला सांगितली. तो पाची नट छातीशी धरून हलला नाही. चाक निघालं, बसलं, समोरासमोरचे नट आवळले, जॅक उतरला, शेवटचा फेरा झाला. तिच्या दोन्ही पंजांना काळं लागलं होतं.

मी पाना पिशवीत ठेवायला लागले तर म्हणाली, "राहू दे. आता पुन्हा एकदा. तू बाजूला उभी राहा, सांगू नकोस काही."